डोंबिवलीहून कोल्हापूर: फ्लॅट आधी विकायचा की आधी भाड्याने राहायचं?

डोंबिवली_पूर्व
नवरा ५०, मी ४६, सासूबाई ७६, मुलगा आठवीत (स्टेट बोर्ड, सेमी इंग्रजी). नवऱ्याचं काम घरून चालतं, महिन्यातून एकदा मुंबईच्या ऑफिसात तोंड दाखवावं लागतं. कोल्हापूर नक्की केलंय, त्यामुळे "पुणे का नाही" हा विषय कृपया नको. इथला फ्लॅट नवऱ्याच्या नावावर आहे, २००९-१० मध्ये १८ लाखांना घेतलेला. आता ७५ लाखांची विचारणा आहे, कर्ज फिटलंय. तिकडे ५५ लाखांपर्यंत फ्लॅट किंवा छोटा बंगला बघतोय. कुठला भाग टाळावा, कागदपत्रांत काय बघावं आणि विक्री-खरेदीचा क्रम काय ठेवावा?

रंकाळा_टॉवर
आधी भाड्याने, आणि तेही पावसाळा धरून. करार मे महिन्यापासून करा. घर ऑक्टोबरात बघून आवडणं आणि ऑगस्टमध्ये तिथं राहणं यात लई फरक आहे. करार नोंदणीकृतच करून घ्या. इथले बरेच घरमालक "पाचशेच्या स्टॅम्पवर करू" म्हणतात, पण गॅस, बँक, शाळा सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदवलेला करारच चालतो.

आता पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. एजंट म्हणेल, "नदी इथून लांब आहे." नदी लांब असेल, नाला जवळ असतो. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी नदीत जाईना होतं आणि फूग (तुंबलेलं पाणी) मागे शहरात शिरते. म्हणून व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, दसरा चौक या बाजूला पाणी येतं. नागाळा पार्क, रमणमळा, दुधाळी या भागांतही गल्लीगणिक फरक आहे. एक गल्ली कोरडी, पुढची कमरेपर्यंत.

बघायचं कसं? इमारतीचे लाइट मीटर नंतर वर सरकवल्याच्या खुणा आहेत का ते बघा. जुन्या जागी स्क्रूची भोकं आणि तोडलेली पट्टी दिसते. पार्किंगच्या कॉलमवर एका उंचीपर्यंतच नवा रंग असेल तर शंका घ्या. आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, "एकोणीसला कुठवर आलं होतं?" तो फुटाच्या हिशेबात सांगतो. शिवाय पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी (नदीकडची) आणि लाल (तिच्या बाहेरची) पूररेषा असते. निळीच्या आत असेल तर तो विषयच सोडा. लाल-निळीच्या मधलं असेल तर स्वस्त का मिळतंय ते समजून घ्या.

उंचावर राहिलात तरी सुटका पूर्ण नाही. महापुरात उपसा केंद्रंच पाण्यात जातात, म्हणजे राजारामपुरीत पूर नसला तरी नळ कोरडा. माणशी १३५ लिटर धरले तर तुम्हा चौघांना दिवसाला ५४० लिटर लागतात. स्वतःची ५,००० लिटरची टाकी असेल तर ९ दिवस निघतात. सोसायटीची टाकी असेल तर फ्लॅटच्या संख्येने भागा. शिरोलीजवळ हायवे बंद झाला की गावात औषधं, पेट्रोल यांची टंचाई सुरू होते. सासूबाईंची औषधं जुलै-ऑगस्टमध्ये महिनाभर पुढची घेऊन ठेवा.

पाचगाव, आर. के. नगर, कळंबा या बाजूला पुराचा प्रश्न नाही. तिथं एप्रिल-मेमध्ये नळाला पाणी किती दिवसांनी येतं आणि टँकर कोण देतो, हे विचारा.

सातबारा_वाचक
फ्लॅट असेल तर मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, महारेरा नोंदणी, सोसायटी किंवा अपार्टमेंटचं घोषणापत्र, संपलं. खरी गोची बंगल्यात आहे, खास करून महापालिका हद्दीबाहेरच्या उपनगरांत.

हद्दीबाहेर ग्रामपंचायतीच्या घरपट्टीचा उतारा दाखवून "कागद क्लिअर आहेत" म्हणतात. घरपट्टीचा उतारा म्हणजे मालकी नव्हे, तो कर कोण भरतो एवढंच सांगतो. सातबारा मागा, गावठाणात किंवा शहर हद्दीत असेल तर प्रॉपर्टी कार्ड. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ लिहिलेलं हवं. वर्ग २ असेल तर विक्रीला परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) लागतो. तो भार विकणारा हसत हसत तुमच्यावर ढकलतो. "इतर हक्क" रकान्यात बँकेचा बोजा, कुळाचं नाव, वारसाची प्रलंबित नोंद यातलं काही आहे का बघा.

सगळ्यात जास्त लोक सामाईक सातबाऱ्यात अडकतात. दस्त दोन गुंठ्यांचा (२,१७८ चौरस फूट), पण सातबाऱ्यावर दहा-बारा नावं एकत्र आणि तुमच्या तुकड्याची वेगळी मोजणी नाही. राहायला अडचण येत नाही, विकताना आणि कर्ज काढताना येते. बिनशेती आदेश, मंजूर लेआउट आणि बांधकाम परवाना या तिन्हींतलं एकही नसेल तर विसार देऊ नका.

सोपा उपाय: कर्ज नको असलं तरी एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत कर्जासाठी कागद टाका. त्यांच्या पॅनेलवरचा वकील ३० वर्षांचा सर्च (जुन्या व्यवहारांचा शोध) काढतो. फी जाते, पण बँक "नाही" म्हणाली की उत्तर मिळालं. खरेदीखत झाल्यावर फेरफाराची नोटीस १५ दिवसांची असते. नोंद मंजूर होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. निवासी घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, ५५ लाखांवर ५५,००० वाचतात.

हिशेबनीस
वरच्या शेवटच्या वाक्याला ब्रेक लावतो. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर आणि नवं घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं, तर भांडवली नफ्यावरची सूट वादात सापडू शकते. ५५ हजार वाचवायला जाऊन लाखांची नोटीस ओढवू नका. नवऱ्याचं नाव पहिलं ठेवा, तुमचं दुसरं, आणि पैसे त्यांच्या खात्यातून जाऊ द्या.

आकडे असे, २०२५-२६ मधली विक्री धरून. ७५ वजा १८ म्हणजे ५७ लाख नफा, त्यावर १२.५ टक्क्यांनी सुमारे ७.१२ लाख कर. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घराला जुन्या पद्धतीने तुलना करता येते: आयकर खात्याचा महागाई निर्देशांक १४८ वरून ३७६, म्हणजे खरेदी किंमत सुमारे ४५.७३ लाख, नफा २९.२७ लाख, २० टक्क्यांनी ५.८५ लाख. कमी तो भरायचा, उपकर वेगळा. ही घर न घेतल्यास काय, याची गणितं.

नवं घर घेणार असाल तर सूट निर्देशांक न लावलेल्या ५७ लाखांच्या नफ्यावर मोजा. ५५ लाखांचं घर अधिक मुद्रांक आणि नोंदणी धरली तर जवळपास सगळा नफा सुटतो. मुदत: विक्रीच्या आधी १ वर्ष किंवा नंतर २ वर्षांत खरेदी, बांधणार असाल तर ३ वर्षं. नुसता प्लॉट घेऊन ठेवला तर सूट नाही. रिटर्नच्या तारखेपर्यंत घर झालं नाही तर उरलेला नफा बँकेत कॅपिटल गेन्स खात्यात ठेवायचा. साध्या एफडीत ठेवलेला चालत नाही, आणि सगळ्यात जास्त चूक इथंच होते. नवं घर ३ वर्षांच्या आत विकलं तर सूट परत घेतली जाते.

रक्कम ५० लाखांच्या वर आहे, म्हणून खरेदीदार १ टक्का टीडीएस कापेल, ७५,००० रुपये. तो तुमच्या पॅनवर दिसतो का, ते २६एएसमध्ये (आयकर खात्याच्या कर-विवरणात) तपासा.

डोंबिवली_पूर्व
फार उपयोगाचं, आभार. म्हणजे भाड्याने राहताना इकडचा फ्लॅट विकून टाकला तरी दोन वर्षं हातात आहेत? की तोही भाड्याने द्यावा? मुलाच्या शाळेचं आणि सासूबाईंच्या विम्याचं कुणी सांगेल का?

हिशेबनीस
हो, दोन वर्षं. पण घाई नसेल तर मी पावसाळा पार होईपर्यंत विकणार नाही. घड्याळ विक्रीच्या दिवशी सुरू होतं. भाग पटला नाही म्हणून दुसरा शोधण्यात वर्ष सहज जातं. रिकामा फ्लॅट लिव्ह-लायसन्सवर द्या, मात्र ११ महिन्यांचाच आणि एक महिन्याच्या नोटिशीची अट घालून.

रंकाळा_टॉवर
माझं मत उलटं. चांगलं गिऱ्हाईक दारात असेल तर विका. भाडेकरू असलेला फ्लॅट दाखवणं, त्याची वेळ सांभाळणं, हे चारशे किलोमीटरवरून जमत नाही. सोसायटीत पुनर्विकासाचं बोलणं चालू असेल तर मात्र थांबा.

टेम्पो_ते_टीसी
शाळा: मे हाच महिना. नववीला जूनमध्ये प्रवेश मिळतो, दहावीला शाळा बदलणं म्हणजे परवानग्यांची साखळी. शाळा सोडल्याचा दाखला घेताना नव्या शाळेने शाळांच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन बदलीची विनंती टाकली आहे आणि जुनीने ती मंजूर केली आहे, एवढं स्वतः बघा. कागद हातात आणि पोर्टलवर मुलगा अजून डोंबिवलीत, असं नेहमी होतं.

विमा: पॉलिसी विभागवार (शहरानुसार हप्ता वेगळा) असेल तर कोल्हापूरचा पत्ता दिल्यावर हप्ता कमी होऊ शकतो. पण मग मुंबईत उपचार घेतल्यास बिलाचा ठराविक टक्का तुम्ही भरायचा, अशी अट काही पॉलिसींत असते. सासूबाईंचे डॉक्टर मुंबईतच राहणार असतील तर विभाग बदलू नका. पत्ता मात्र कळवा.

गाडी: एमएच नंबर तोच राहतो. वाहन पोर्टलवर आरसीचा पत्ता ३० दिवसांत बदला.

सिलिंडर सामानात टाकू नका. एजन्सीत सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून ट्रान्स्फर व्हाउचर घ्या, तिकडे नवं डिपॉझिट भरावं लागेल. बँक लॉकर बदली होत नाही, तो इथं सोडावा लागतो. कोल्हापुरात लॉकरला प्रतीक्षायादी असू शकते, म्हणून आधी तिकडचा पक्का करा.

सामान: दोन बेडरूमला साधारण १७ फुटी ट्रक. दरपत्रकात "पूर्ण गाडी, मध्ये माल बदल नाही" असं लिहून घ्या, नाहीतर पुण्याच्या गोदामात सामान उतरवून दुसऱ्या गाडीत भरतात आणि कपाटाचे पाय तिथंच मोडतात. डोंबिवलीच्या गल्लीत मोठी गाडी शिरत नसेल तर छोट्या टेम्पोच्या फेऱ्यांचा खर्च कुणाचा, हेही आधीच ठरवा.

वीज गेल्यावर नवऱ्याच्या कामासाठी इन्व्हर्टरला १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी लावली तर लॅपटॉप, राउटर, पंखा, दोन दिवे असा २५० वॉटचा भार चार-पाच तास निघतो. ऑफिसच्या फेरीला महालक्ष्मी एक्स्प्रेस बरी, रात्री बसायचं, सकाळी मुंबई. परतीचं तिकीट त्याच वेळी काढा. शुक्रवारचं आयत्या वेळी मिळत नाही.