सभागृहातील पंख्याची सायकल : जुनी ठेवावी की नवी घ्यावी?

सचिव (बी-104): सर्व सभासदांना नमस्कार. सी-301 मधील कुटुंबाने अमेरिकेहून परतताना आणलेली श्विन कंपनीची जुनी एअरडाइन सायकल (जागेवरच चालवायची, पंखा असलेली व्यायामाची सायकल, म्हणजेच एअर बाइक) सोसायटीला विनामूल्य देण्याची तयारी दाखवली आहे. तरुण सभासदांचा आग्रह मात्र असा आहे की, व्यायामाच्या साहित्यासाठी मंजूर झालेल्या रकमेतून साखळीऐवजी पट्ट्यावर चालणारी नवी एअर बाइकच घ्यावी. निर्णय रविवारच्या सभेत होईल. तत्पूर्वी आपापली मते येथे मांडावीत आणि कृपया विषयाला धरून मांडावीत.

सी-201: मला नवी घेणेच योग्य वाटते. पुण्यात नोकरीला असताना जिममध्ये मी असॉल्ट कंपनीची एअरबाइक आणि ‘रोग’ (Rogue) कंपनीची एको बाइक या दोन्ही वापरल्या आहेत. एको बाइक साधारण 57 किलो वजनाची असल्याने पॅडलवर उभे राहून जोर लावला तरी ती जागची हलत नाही. परवा जुनीवर बसून पाहिले, तर वीस सेकंदांच्या जोरातच तिचा सांगाडा डुलू लागला.

ए-302: आपले निरीक्षण बरोबर आहे, पण दोन्हींत काय बदलले आणि काय बदललेले नाही, हे आधी वेगळे करू या. एअरडाइन 1970 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. पॅडल आणि पुढेमागे हलणारे दोन दांडे एकत्र जोडायचे आणि त्यांच्यावर पंखा फिरवायचा, ही तिची कल्पना नव्या यंत्रांनी जशीच्या तशी उचलली आहे. विरोध करते ती हवाच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे मिनिटाला 40 फेऱ्यांवरून 50 वर गेलात की कष्ट जवळजवळ दुप्पट होतात. त्यामुळे गुडघेदुखीचे आजोबा आणि कबड्डी खेळणारा नातू एकामागोमाग एक बसले, तरी मध्ये कोणताही स्क्रू फिरवावा लागत नाही. (महाबळेश्वरला नेल्यास हवा विरळ असल्याने तीच सायकल किंचित हलकी लागेल, पण तो आपला प्रश्न नव्हे.)

बदलले आहे ते पंख्यापर्यंत जोर पोहोचवण्याचे साधन. आपल्याला मिळणाऱ्या मशीनमध्ये साखळी आहे. ती धूळ खाते, सैल पडते आणि तिला वेळच्या वेळी तेल लागते. असॉल्टच्या मूळ मॉडेललाही साखळीच आहे, त्यामुळे नवीन म्हणजे पट्टाच, असे समजू नये. एको बाइकमध्ये मात्र पट्टा आहे आणि त्याला तेलपाणी लागत नाही. दुसरा फरक सांध्यांचा. जुन्या मशीनचे दांडे जिथे फिरतात तिथे बुश (सांध्यातील नळीसारखे भाग) झिजले आहेत. वीस सेकंदांत डुलले ते बहुतेक त्यामुळेच. नव्या यंत्रांत तेथे बंद बेअरिंग असतात. बुश कोणत्याही लेथवाल्याकडून करून घेता येतील, मात्र पॅडलचे आटे आपल्याकडच्या सायकलींपेक्षा वेगळे असल्याने दुकानातून आणलेले पॅडल त्यात बसणार नाही, हे मी तपासून पाहिले आहे.

ए-101: सर, यंत्रशास्त्र समजले, परंतु सभागृहाची भिंत आमच्या झोपण्याच्या खोलीला लागून आहे. पट्टा आला की आवाज जाईल का?

ए-302: काकू, साखळीची खडखड जाईल, पंख्याची घरघर जाणार नाही. हवा कापली जाते तेव्हा आवाज होणारच, आणि जोर जितका जास्त तितका तो मोठा. याबाबत नव्या-जुन्यात डावे-उजवे करण्यासारखे फारसे नाही.

बी-304: मोटार नसल्याने वीज गेली तरी दोन्ही चालतात, ही सोय मला महत्त्वाची वाटते. एप्रिलमध्ये पंख्याचा वारा समोरून अंगावर येतो, हेही काही थोडे नाही.

सी-201: ते मान्य. पण जुनीवर मिळालेला कॅलरींचा आकडा नवीच्या आकड्याशी जुळत नाही, मग प्रगती मोजायची कशी?

ए-302: दोन वेगळ्या कंपन्यांच्या नव्या सायकलींचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच यंत्रावरचे कालचे आणि आजचे आकडे ताडून पाहावेत. माझे मत असे : आपल्याकडे सकाळी येणारे बहुतेक जण साठीच्या पुढचे आहेत आणि ते उभे राहून जोर लावणार नाहीत. त्यांच्यासाठी जुनी पुरेशी आहे. बुश, साखळी आणि पॅडल यांचा खर्च आधी विचारून घेऊ. तो नव्या यंत्राच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त झाला, तर मी स्वतः नवीच्या बाजूने हात वर करीन.

सी-201: हे मला मान्य आहे. साखळी उघडण्यासाठी शनिवारी मी येतो.

सचिव (बी-104): आभार. 2019 च्या महापुरात तळमजल्यावर किती पाणी होते ते सर्वांना आठवत असेलच. त्यामुळे जुनी असो वा नवी, पावसाळ्यात ती पहिल्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये न्यावी लागेल. जड नवी जिन्यातून कोण उचलणार, हेही रविवारी ठरवावे लागेल.

ए-101: आणि सकाळी सहाच्या आधी कोणी बसणार नाही, हेही इतिवृत्तात लिहून घ्यावे.