टॅगला ‘खूणशब्द’ चालेल का? आणि ऑन्टॉलॉजीला?

कृष्णाकाठ: मिरजेच्या तंतुवाद्यांच्या छायाचित्रसंग्रहाची मराठी पुस्तिका लिहायची आहे. बघणारा आपल्या मनाने फोटोला शब्द चिकटवतो, तो टॅग. त्याला ‘खूणशब्द’ केलंय. आधी ठरवून बांधलेली संकल्पनांची आणि नात्यांची चौकट म्हणजे ऑन्टॉलॉजी; तिला ‘सत्ताशास्त्र’ लिहिलं, तर तपासणाऱ्याने खोडलं. काय लिहू?

अनुस्वार: खोडलं ते बरं झालं. सत्ताशास्त्र तत्त्वज्ञांकडेच राहू दे. शिवाय सांगलीत तो शब्द वाचून कारखान्याची निवडणूक आठवेल. ‘संज्ञाजाल’ करा.

घाटमाथा: जाल नको, नाती नेमकी असतात. घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, हा तंबोऱ्याचा भाग, प्रकार नव्हे. ही दोन नाती एकाच रकान्यात कोंबली की ‘सगळी तंतुवाद्ये दाखव’ म्हटल्यावर घोड्या, खुंट्या आणि भोपळेही वाद्य होऊन पुढे येतात. ‘संज्ञाबंध’ बरा.

अनुस्वार: आणि टॅगचा घोळ? तंबोरा, तंबुरा, तानपुरा, वर कुणीतरी विभक्तीसकट ‘तंबोऱ्याची’. चार टॅग, वाद्य एक. त्यातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टंकतात: नुक्त्याच्या ऱ ने, नाहीतर साध्या र चा पाय मोडून पुढे अदृश्य जोडखूण घालून. डोळ्याला सारखाच, यंत्राला निराळा. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची पद्धत, लावूनही दोन्ही एक होत नाहीत. बदलाचा नियम स्वतः लिहावा लागतो.

कृष्णाकाठ: म्हणजे आधी चौकटच बांधू?

घाटमाथा: कुठली बांधणार? आपली तत-सुषिर-अवनद्ध-घन (तारेची, फुंकायची, चामड्याची, ठोकायची वाद्यं), की वाद्यांचे अभ्यासक हॉर्नबोस्टेल आणि साक्स यांची १९१४ ची आकड्यांची, जिच्यात तंबोरा ३२१.३२१ मध्ये जातो? गिऱ्हाईक विचारतं ‘लेडीज आहे का जेन्ट्स’. पहिल्या शंभर फोटोंना कारागिरांना मोकळे टॅग लावू द्या. मग यादी काढा, एका वस्तूला एक पसंतीचं नाव द्या, बाकीची पर्यायी म्हणून खाली ठेवा, वर व्यापक संज्ञा जोडा. २००९ चं स्कॉस (SKOS), म्हणजे संज्ञांची यादी यंत्राला कळेल अशी मांडायचं मानक, एवढ्यासाठीच आहे. ओडब्ल्यूएल (OWL) या ऑन्टॉलॉजी लिहायच्या भाषेच्या वाटेला यंत्राकडून निष्कर्ष काढून घ्यायचे असतील तरच जा.

अनुस्वार: पुस्तिकेत ‘लेडीज तंबोरा’ छापणार? ‘स्त्री-स्वराचा तंबोरा’ म्हणा की.

घाटमाथा: म्हणा, पण शोधणार कोण? पर्यायी नावांत ‘लेडीज’ हवंच.

कोरेगावी: मोकळ्या टॅगांतून उभ्या राहणाऱ्या रचनेला व्हँडर वॉल यांनी २००४ मध्ये ‘फोक्सोनॉमी’ म्हटलं. मराठीत ‘लोकवर्गीकरण’.

अनुस्वार: त्याचा विग्रह ‘लोकांचे वर्गीकरण’ असा होतो. जातनिहाय गणना वाटेल.

कोरेगावी: लोकगीत म्हणजे लोकांवरचं गीत का? ‘लोकांनी केलेलं’ असाही विग्रह होतो.

कृष्णाकाठ: अहो, ‘खूणशब्द’चं काय?

घाटमाथा: ‘टॅग’च ठेवा. पण ‘जवारी’ या टॅगकडे लक्ष ठेवा. घोडीची घासाई करून आणलेला नाद तीही जवारी, देशी कोंबडी तीही जवारी, आणि भाकरीच्या ज्वारीलाही कुणी जवारी लिहितं. वाद्यांच्या संग्रहात एकच अर्थ. जिल्ह्याच्या सामायिक संग्रहात तीन वेगळ्या नोंदी कराव्या लागतील.

कोरेगावी: नादाची जवारी ‘जीव’वरून आली. तार जिवंत होते ना!

अनुस्वार: हे कुणी ठरवलं? आणि कोंबडीची कुठून आली मग?

कोरेगावी: ती कानडीतली. वेगळा शब्द.

अनुस्वार: मिरजेच्या बाजारात कानडी-मराठी वेगळं करून दाखवा, मग बोलू.