मदत हवी आहे : अर्जाच्या निबंधात दशावतार किती समजावून सांगावा?

नमस्कार. माझी भाची अमेरिकेतील महाविद्यालयांत प्रवेशासाठी अर्ज करत असून, ‘कॉमन अ‍ॅप’च्या (अनेक महाविद्यालयांसाठी चालणाऱ्या सामाईक अर्जाच्या) निबंधासाठी तिने स्वतःची पार्श्वभूमी, ओळख किंवा आवड यांविषयीचा विषय निवडला आहे. मर्यादा ६५० शब्दांची आहे.

तिचे आजोबा कुडाळकडच्या एका दशावतारी मंडळात, म्हणजे दशावतार हे कोकणातील लोकनाट्य सादर करणाऱ्या मंडळात, स्त्रीभूमिका करत असत. जत्रेच्या रात्री ती पेटाऱ्यावर बसून, ते एका हातात आरसा धरून स्वतःच रंग लावताना पाहत असे. लुगडे नेसून झाले की ते तिच्याशी बोलणे थांबवत. हे ती सांगते तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो, पण निबंधात हा प्रसंग तिने दोन ओळींत उरकला आहे. त्याआधीचे जवळजवळ ३०० शब्द संकासुर हे राक्षसाचे पात्र, आडदशावतार हा मुख्य नाटकाआधीचा पूर्वरंग आणि लिखित संहितेशिवाय नटांनी रात्रभर उभे केलेले संवाद यांची माहिती देण्यातच गेले आहेत. परदेशी वाचकाला संदर्भ हवा, हे मला मान्य आहे. परंतु माहिती वाढते तशी मुलगी दिसेनाशी होते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

ज्यांनी असे निबंध लिहिले किंवा तपासले आहेत, त्यांनी कृपया सांगावे : ‘दहीकाला’सारखे (जत्रेतील दशावतारी खेळ) शब्द तसेच ठेवून वाक्याच्या ओघात अर्थ सुचवला, तर पुरते का? आणि लेखन पूर्णपणे तिचेच राहील, अशा बेताने मी तिला कोणते प्रश्न विचारावेत? तिची पहिली मुदत १ नोव्हेंबरला आहे.