यरुशलेमच्या मंदिरातील गायक-वादकांची व्यवस्था

प्रश्न

बायबलच्या जुन्या करारातील ‘इतिहास’ नावाच्या पहिल्या पुस्तकातील पंचविसाव्या अध्यायात दावीद राजाने आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यांकडे मंदिराचे संगीत सोपवल्याची नोंद आहे. गट २४, प्रत्येक गटात १२ जण, असे एकूण २८८ गायक-वादक तेथे मोजलेले आहेत. हे सर्व जण एकाच वेळी सेवेला उभे राहत असत का, आणि त्यांचा चरितार्थ कशावर चालत असे?

पहिले उत्तर

एकाच वेळी नव्हे. याजकांप्रमाणेच (बली अर्पण करणाऱ्या पुरोहितांप्रमाणेच) लेवींच्याही, म्हणजे लेवी वंशातील मंदिरसेवकांच्याही, २४ पाळ्या होत्या. गायकांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवताना लहान-मोठा किंवा गुरू-शिष्य असा भेद केला नाही, हे त्या अध्यायात मुद्दाम सांगितले आहे आणि मला ते फार मोलाचे वाटते, कारण जेथे विद्या घराण्यातून चालते तेथे मानाचा क्रम सहसा आधीच ठरलेला असतो. पुढे मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात गायकांच्या चौथऱ्यावर किमान १२ लेवी असावेत असा नियम येतो. तेथेच किन्नोर हे तंतुवाद्य किमान ९, नेवेल हे दुसरे तंतुवाद्य किमान २ आणि झांज एकच असावी असे म्हटले आहे. या तिन्हींची बेरीजही १२ होते. कर्णे मात्र लेवींच्या हाती नसत, ते याजकच फुंकत.

दुसरे उत्तर

वरील माहिती योग्य आहे, परंतु ही सारी रचना दावीदाच्या काळातील म्हणून स्वीकारताना सावध राहावे. इतिहासाची पुस्तके बाबेलच्या बंदिवासानंतर (यहुद्यांना बाबेलला नेले गेले होते त्यानंतर) लिहिली गेली, आणि शमुवेल व राजे यांच्या जुन्या वृत्तांतात अशी गटवारी आढळत नाही. बायबलमधील एज्राच्या पुस्तकातल्या यादीत बंदिवासातून परतलेले गायक १२८ असून ते सर्व आसाफाचे वंशज आहेत, शिवाय त्यांची गणना लेवींपासून वेगळी केली आहे. ‘इतिहास’ पुस्तकांचा लेखक मात्र लेवी वंशाच्या तीन शाखांपैकी हेमानाला कहाथाच्या, आसाफाला गेर्षोनाच्या आणि एथानाला (यदूथूनाच्या जागी येणारे नाव) मरारीच्या कुळात बसवून गायकांना पूर्णपणे लेवी ठरवतो. यावरून गायकांची प्रतिष्ठा पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेली असावी, असे मला वाटते.

तिसरे उत्तर

चरितार्थाचा प्रश्न नहेम्याच्या पुस्तकात अगदी स्पष्ट दिसतो. गायकांना रोजचा शिधा मिळावा अशी राजाज्ञा होती आणि त्यांनी यरुशलेमच्या आसपास स्वतःची गावे वसवली होती. लोकांनी दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देणे थांबवले तेव्हा लेवी आणि गायक सेवा सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेले. तेव्हाचा यहूदाचा सुभेदार नहेम्या याने अधिकाऱ्यांना जाब विचारला, सर्वांना परत बोलावून आपापल्या जागी उभे केले आणि मग धान्य, द्राक्षारस व तेल यांचा दशमांश पुन्हा कोठारांत येऊ लागला. प्रतिष्ठेचा झगडा तर शेवटपर्यंत चालला. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफसने लिहिले आहे की, इ. स. ७० मध्ये मंदिर उद्ध्वस्त होण्याच्या काही वर्षे आधी लेवी गायकांनी दुसऱ्या अग्रिप्पा राजाकडून याजकांसारखी तागाची वस्त्रे घालण्याची परवानगी मिळवली. स्वतः याजककुळातील असलेल्या जोसेफसला ती परंपरेविरुद्ध वाटली.