युरिन रूटीनचे पुण्यात नक्की किती घेतात? १२० की ३५०?

धायरीकर:
नमस्कार मंडळी. आईला (वय ६८, शुगर आहे, गोळ्या चालू आहेत) लघवीला जळजळ होत होती म्हणून सिंहगड रोडला एका हॉस्पिटलमध्ये दाखवलं, डॉक्टरांनी युरिन रूटीन लिहून दिली आणि खाली आपलीच लॅब आहे तिथे देऊन टाका म्हणाले. तिथे ३५० रुपये घेतले. घरी आल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या अरे हीच टेस्ट आपल्या चौकातल्या लॅबमध्ये १२० ला होते, फोन करून विचारलं तर खरंच १२०. मग एका चेन लॅबच्या ॲपवर बघितलं, तिथे १८० आणि घरी येऊन सॅम्पल न्यायचे १०० वेगळे. एकाच डबीभर लघवीचे तीन भाव कसे काय? स्वस्तवाले नीट करत नाहीत का महागवाले लुटतायत? आईची ही टेस्ट अधूनमधून करावी लागेल असं डॉक्टर म्हणालेत म्हणून विचारतोय, कोणाला माहिती असेल तर सांगा प्लीज.

कर्वेरोड_कोथरूड:
आमच्याकडे १५० घेतात, सासऱ्यांची नेहमी तिथेच करतो. १०० ते २०० च्या मधे असेल तर ठीक समजायचं, त्याच्या वर गेलं की ती हॉस्पिटलची बिल्डिंग आणि एसीचे पैसे. प्रायव्हेट लॅबने किती घ्यावेत यावर कुठलंही सरकारी बंधन नाहीये त्यामुळे ज्याला जे वाटेल ते लावतो. डबी हातात घ्यायच्या आधीच रेट विचारायचा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि डॉक्टरांनी 'आपल्याच लॅबमध्ये' सांगितलं तरी चिठ्ठी तुमची आहे, कुठेही नेऊ शकता दादा, अडवायचा हक्क कोणालाच नाही.

मायक्रोस्कोपवाली:
मी बरीच वर्षं लॅब टेक्निशियन आहे, पेठेतल्या एका लॅबमध्ये. पैसे नक्की कशाचे घेतात ते सांगते म्हणजे तुम्हालाच ठरवता येईल. या टेस्टचे तीन भाग असतात. आधी रंग, गढूळपणा बघतो. मग पट्टी बुडवतो, तिच्यावर छोटे छोटे रंगीत चौकोन असतात, प्रोटीन, शुगर, किटोन, रक्त, नायट्राइट वगैरे, मिनिट-दोन मिनिटांत रंग बदलतो तो बाटलीवरच्या चार्टशी जुळवायचा किंवा मशीन वाचतं. ही पट्टी काही रुपयांची असते. खरं काम तिसऱ्या भागात आहे. साधारण १० एमएल लघवी ट्यूबमध्ये घेऊन पाचेक मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, वरचं पाणी ओतून टाकायचं, तळाला जो साका राहतो त्याचा एक थेंब काचेवर, वर कव्हरस्लिप, आणि मग मायक्रोस्कोपखाली एकेक फील्ड सरकवत पस सेल्स (पुवाच्या पांढऱ्या पेशी, वाढल्या की इन्फेक्शनची शंका), लाल पेशी, कास्ट (किडनीच्या नळ्यांत तयार झालेले साचे), क्रिस्टल म्हणजे खडे मोजायचे. याला माणूस लागतो आणि वेळ लागतो. स्वस्तातल्या लॅबमध्ये हे होतच नाही असं अजिबात नाही, आमच्याकडे १३० मध्ये सगळं होतं. पण काही ठिकाणी नुसती पट्टी बुडवून पस सेल्सपुढे २-३ असं अंदाजाने छापतात, हे मला फार वाईट वाटतं, कारण शुगरच्या पेशंटला त्याच आकड्यावरून औषध ठरतं.

त्यामुळे रेटपेक्षा दोन गोष्टी विचारा. एक, सॅम्पल इथेच तपासता का दुसरीकडे पाठवता. लघवी दोन तासांच्या आत बघायला हवी, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवावी लागते, बाहेर तशीच राहिली तर जंतू वाढतात, पेशी फुटतात, रिपोर्टच बदलतो. नुसतं कलेक्शन सेंटर असेल तर डबी सकाळी ८ ला दिली आणि गाडी दुपारी आली की झालंच. दुसरी, रिपोर्टवर सही कोणाची आहे. पॅथॉलॉजीत पोस्ट ग्रॅज्युएशन केलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, २०१७ ला सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय. आम्ही टेक्निशियन टेस्ट करतो, सही नाही करू शकत.

औंधवाला:
पैशाचाच प्रश्न असेल तर औंधचं जिल्हा रुग्णालय आहे ना. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या हॉस्पिटलमध्ये तपासण्या फुकट आहेत, केस पेपरचेही पैसे नाहीत. आमच्या कामवाल्या मावशींची तिथेच केली होती. वेळ जातो हे खरंय, आधी ओपीडीत डॉक्टरांना दाखवा मग लॅबच्या रांगेत थांबा, धायरीवरून ६८ वर्षांच्या आईंना घेऊन जाणं म्हणजे जिवावरचं काम आहे म्हणा. ससून हॉस्पिटल मेडिकल एज्युकेशन खात्याखाली येतं, त्यामुळे हा निर्णय तिथे लागू नाही, एवढं लक्षात ठेवा.

पेशंट_हक्क:
धायरीकर, एक सांगतो. हॉस्पिटलने रेटचा बोर्ड दर्शनी भागात लावणं आणि रुग्ण हक्क सनद लावणं बंधनकारक आहे, राज्याचे २०२१ चे सुधारित नर्सिंग होम नियम आहेत. पुढच्या वेळी गेलात की बोर्ड कुठेय विचारा. नसेल तर महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे लेखी तक्रार करता येते. लोक ३५० रुपयांसाठी कशाला वाद घाला म्हणून गप्प बसतात, पण तिथे दिवसभरात किती जण तेवढेच देऊन जात असतील त्याचा विचार करा.

धायरीकर:
खूप आभार सगळ्यांचे. ताई, रिपोर्ट आत्ताच आला, पस सेल्स १५-२० आणि शुगर +++ लिहिलंय!! सकाळी ग्लुकोमीटरवर तर १३० होती, मग हे काय? लॅब चुकली का?

मायक्रोस्कोपवाली:
घाबरू नका. आईंच्या गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का बघा. या गोळ्या शुगर लघवीवाटेच बाहेर काढतात त्यामुळे रक्तातली चांगली असली तरी लघवीत +++ येते, लॅबची चूक नसते. पस सेल्स मात्र जास्त आहेत, नॉर्मल साधारण ५ पर्यंत. डॉक्टरांना आजच दाखवा आणि गोळ्यांची स्ट्रिप बरोबर न्या, कारण या गोळ्यांनी तिथे खाज, जळजळही होऊ शकते. ते बहुतेक कल्चर सांगतील, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून कोणते आहेत ते बघायचं, ती वेगळी टेस्ट आहे, ५०० च्या पुढे जाते आणि रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. सांगितलीच तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी सॅम्पल द्या. डबी लॅबमधूनच स्टराइल घ्या, घरातली धुतलेली नको. आधी पाण्याने स्वच्छ करून, सुरुवातीची धार सोडून मधली घ्यायला सांगा. थंडी वाजून ताप आला किंवा कंबरेत दुखायला लागलं तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, लगेच न्या.