कामाचा तक्ता ईमेलच्या मजकुरातच असावा, की वेगळ्या शीटमध्ये?

अंकजुळणी

दिवाळी अंकाच्या समन्वयाचे काम मी करते. श्रावण लागला की लेखक, चित्रकार, मुद्रितशोधक आणि मांडणी करणारे अशा सगळ्यांना वरचेवर एक ईमेल जाते आणि तिच्यात कोणता लेख कुठवर आला आहे याचा तक्ता असतो: लेख, लेखक, शब्दसंख्या, मुद्रितशोधन आणि चित्र असे पाच रकाने. हा तक्ता मजकुरात असावा की अटॅचमेंटमध्ये, यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो, म्हणून तो येथे मांडते.

माझे मत असे की ज्या तक्त्यावर समोरच्याने उत्तर देणे अपेक्षित आहे, तो ईमेलच्या मजकुरातच असला पाहिजे. उत्तर देणाऱ्याला त्याच तक्त्यात आपल्या ओळीसमोर ‘शुक्रवारी देतो’ असे लिहिता येते आणि ते सर्वांना त्याच जागी दिसते. याला जोडून दुसरे मत असे की असा तक्ता वारंवार दुरुस्त करणाऱ्याने तो कीबोर्डवरून दुरुस्त करायला शिकले पाहिजे. मजकुरातला तक्ता लोकांना नकोसा वाटतो, तो बहुतेक वेळा माउसने हाताळताना त्याच्या रेघा आणि चौकटी हाताबाहेर जातात म्हणून.

एक उदाहरण देते. क्लासिक आउटलुकमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या संगणकावर बसवायच्या जुन्या ईमेल प्रोग्राममध्ये, ईमेल लिहिण्याची जागा २००७ च्या आवृत्तीपासून वर्डच्याच यंत्रणेवर चालते, त्यामुळे वर्डमधल्या तक्त्याच्या कळा तिथेही चालतात. शेवटच्या चौकटीत टॅब दाबले की नवी ओळ तयार होते आणि शिफ्ट-टॅबने मागच्या चौकटीत जाता येते. एखादा लेख अनुक्रमात वर घ्यायचे ठरले, तर त्याच्या ओळीत कर्सर ठेवून ऑल्ट आणि शिफ्ट दाबून धरायचे आणि वरचा बाण दाबायचा. ती अख्खी ओळ, पाचही रकान्यांसह, एकेक पायरी वर सरकते. हेच काम माउसने करणारा ओळ कापतो, नवी ओळ घालतो, तिथे चिकटवतो आणि मग रकान्यांची रुंदी का बदलली हे शोधत बसतो. तसेच, पूर्ण तक्ता निवडून डिलीट दाबले तर फक्त आतला मजकूर पुसला जातो आणि रिकाम्या चौकटी राहतात. अलीकडच्या आवृत्त्यांत बॅकस्पेस दाबले तर तक्ताच जातो. एवढे ठाऊक असले की तक्त्याची धास्ती उरत नाही.

ताळेबंद

आपण सांगितलेल्या कळा बरोबर आहेत, तरीही आपल्या दोन्ही मतांशी मी असहमत आहे. मी कोल्हापुरात हिशेबाचे काम करतो आणि मजकुरातल्या तक्त्यांनी होणारा गोंधळ मला रोज निस्तरावा लागतो.

आधी पहिल्या मताबद्दल. ईमेलमधला तक्ता पाठवला त्या क्षणी गोठतो. आपण सोमवारी पाठवलेल्या तक्त्यावर चित्रकाराने मंगळवारी उत्तर दिले, मुद्रितशोधकाने त्याआधीच मूळ ईमेलला उत्तर दिलेले होते, आणि मांडणी करणाऱ्याने या दोहोंपैकी एकाच्या उत्तराला उत्तर दिले, तर बुधवारी एकाच अंकाचे तीन वेगवेगळे तक्ते फिरत असतात आणि त्यांतला कोणता खरा हे कोणालाच सांगता येत नाही. सामायिक शीट, म्हणजे सर्वांनी मिळून ऑनलाइन भरायचा तक्ता, एकच असते, कोणी काय बदलले याचा इतिहास तिच्यात राहतो, आणि चुकीचा बदल मागे घेता येतो. ईमेलमध्ये फक्त त्या शीटचा दुवा आणि ‘आपली ओळ भरावी’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे.

दुसऱ्या मताबद्दल मला अधिक काळजी वाटते. आपण ज्या कळा शिकवू पाहता त्या एका प्रोग्रामच्या कळा आहेत. आउटलुकमध्ये ज्याच्या हाताला टॅबची सवय लागली आहे तो जीमेलमध्ये शीटमधून चिकटवलेल्या तक्त्यात टॅब दाबतो, आणि तिथे टॅबने कर्सर मजकुरातून बाहेर पडून ‘पाठवा’ या बटणाकडे जातो. पुढची एंटर अर्धवट ईमेल घेऊन जाते. कंट्रोल-एंटरचेही तेच: वर्डमध्ये तिने नवे पान सुरू होते, आउटलुक आणि जीमेलमध्ये ईमेल निघून जाते. कंट्रोल-एफने जवळजवळ सगळीकडे शोध सुरू होतो, आउटलुकमध्ये मात्र ईमेल पुढे पाठवण्याची खिडकी उघडते. जिथे चुकलेल्या कळेचा परिणाम दुसऱ्याच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतो, तिथे वेगापेक्षा सावधपणा मोलाचा आहे. माउस हळू चालतो, आणि हिशेबाच्या ईमेलमध्ये मला तोच हळूपणा हवा आहे.

साधा मजकूर

मी सर्व्हरची देखभाल करतो आणि माझे मत आपणा दोघांहून वेगळे आहे. ईमेलमध्ये सजवलेला मजकूरच नसावा. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याचे (कर्नेलचे) काम जगभरातले लोक ईमेलवर करतात आणि तिथले ईमेल-गट एचटीएमएल स्वरूपातली, म्हणजे सजवलेली, ईमेल स्वीकारतच नाहीत; तरी त्यांचे काम अडलेले नाही. एक्सेलमधून चिकटवलेला छोटासा तक्ताही आपल्याबरोबर शैलीच्या सूचनांचा मोठा भारा घेऊन येतो. उत्तरांच्या साखळीत असे चार-पाच तक्ते साठले की जीमेल १०२ केबीच्या आसपास ईमेल कापते आणि ‘पूर्ण संदेश पाहा’ असा दुवा दाखवते. खालचा मजकूर अनेकांच्या नजरेतून निसटतो तो त्यामुळे. स्पेस देऊन रकाने एका रेषेत आणावेत, ईमेल हलकी राहते आणि कोणत्याही प्रोग्राममध्ये तशीच दिसते.

अंकजुळणी

साधा मजकूर, आपले म्हणणे रोमन लिपीपुरते खरे आहे. स्पेस देऊन रकाने जुळतात ते समान रुंदीच्या अक्षरांमुळे. देवनागरीत ‘क्ष’, ‘र्त्स्य’, ‘मि’ यांची रुंदी एकसारखी नसते, एका जोडाक्षरात संगणकाच्या लेखी तीन-चार वर्ण असतात, आणि मात्रा-अनुस्वार वेगळी जागा न घेता अक्षरावर बसतात. ‘ज्योत्स्ना’ आणि ‘कमल’ ही दोन नावे एकाखाली एक लिहून त्यांच्यापुढे स्पेसने तारखा जुळवून पाहाव्यात. माझ्या पडद्यावर जुळलेल्या तारखा आपल्या पडद्यावर जुळणार नाहीत. मराठीत रकाने हवे असतील तर खऱ्या तक्त्याला पर्याय नाही. चिकटवताना येणाऱ्या भाऱ्याबद्दल मात्र आपण सांगितलेले पटण्यासारखे आहे, आणि म्हणूनच मी तक्ता एक्सेलमधून न आणता ईमेलमध्येच तयार करावा असे म्हणते. आउटलुकमध्ये ओळीच्या सुरुवातीला अधिकचे चिन्ह, मग काही आडव्या रेघा, पुन्हा अधिकचे चिन्ह असे टाइप करून एंटर दाबले की तिथे तक्त्याची पहिली ओळ उभी राहते. हात कीबोर्डवरून उचलावाही लागत नाही.

ताळेबंद, आपला गोठलेल्या तक्त्याचा मुद्दा हिशेबाला लागू आहे, माझ्या कामाला तो उलट बाजूने लागू होतो. मला तक्ता गोठलेलाच हवा असतो. ‘१२ तारखेला मजकूर देतो’ असे लेखकाने ज्या ईमेलमध्ये लिहिले ती ईमेल तशीच राहते. सामायिक शीटमध्ये तो १२ चे १९ करतो, आणि इतिहास उघडून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. शिवाय आमच्या लेखकांपैकी कित्येक जण सत्तरीच्या पुढचे आहेत. ते ईमेलला आवर्जून उत्तर देतात; दुवा उघडून, खात्यात शिरून, परवानगी मागून शीट भरत नाहीत. त्यांचे लेखन अंकाला हवे आहे, तेव्हा त्यांना जमेल त्या मार्गाने काम करणे हे समन्वयकाचे कर्तव्य आहे.

मुद्रितशोधक

ऑल्ट-शिफ्ट-बाणाबद्दल एक सूचना. विंडोजमध्ये मराठी आणि इंग्रजी असे दोन कीबोर्ड बसवलेले असतील तर डावीकडचे ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबल्याने भाषा बदलते. बाण दाबण्याआधीच बोटे सुटली तर ओळ जागची हलत नाही आणि पुढचा शब्द रोमन अक्षरांत उमटतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदलण्याची ही जोडी बंद करावी आणि भाषा बदलण्यासाठी विंडोज-स्पेस वापरावे. मग ओळी निर्धास्तपणे हलवता येतात.

आणखी एक. जुन्या, युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती) नसलेल्या फॉन्टमधला तक्ता कृपया कोणीही ईमेलमध्ये चिकटवू नये. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला चौकटी व्यवस्थित दिसतात आणि आत निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. मराठी छपाईच्या कामात असे फॉन्ट अजून वापरात असल्यामुळे हे वारंवार घडते.

श्राव्य

मला दिसत नाही. मी एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतो, आणि कीबोर्ड हा माझ्यासाठी वेगाचा नव्हे, कामाचा एकमेव मार्ग आहे. म्हणून ‘माउसचा हळूपणा हवा’ हे ताळेबंद यांचे विधान मला फार एकांगी वाटले.

नीट तयार केलेला तक्ता मला मजकुरात हवा आहे. आलेली ईमेल वाचताना मी टी दाबतो आणि थेट तक्त्यावर पोहोचतो. कंट्रोल आणि ऑल्ट धरून बाण दाबले की एकेक चौकट ऐकू येते आणि मी कितव्या ओळीत, कितव्या रकान्यात आहे तेही सांगितले जाते. खालचा बाण दाबत गेलो तर फक्त ‘मुद्रितशोधन’ हा रकाना सलग ऐकता येतो. स्पेसने जुळवलेल्या मजकुरात यातले काहीच मिळत नाही: लेखाचे नाव, लेखकाचे नाव आणि आकडा एकापाठोपाठ कानावर आदळतात आणि कोणता आकडा कोणाचा हे माझे मला ठरवावे लागते.

परंतु तक्ता पाठवणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिली ओळ शीर्षकाची आहे हे टेबल डिझाइनमध्ये जाऊन नोंदवावे. नुसती ठळक केलेली अक्षरे मला शीर्षक म्हणून कळत नाहीत. दोन चौकटी एकत्र जोडू नयेत, कारण जोडलेल्या चौकटीपाशी रकान्यांचा हिशेब चुकतो आणि पुढचे सगळे एका घराने सरकलेले ऐकू येते. ‘लाल रंगातले लेख बाकी आहेत’ असे न लिहिता बाकी असलेल्या लेखासमोर ‘बाकी’ हा शब्द लिहावा. आणि तक्त्याचे छायाचित्र चिकटवणे तर पूर्णपणे थांबवावे. माझ्यापर्यंत त्यातून ‘चित्र’ एवढा एकच शब्द पोहोचतो आणि ज्यांना दिसते त्यांनाही त्यात काही शोधता किंवा दुरुस्त करता येत नाही.

ताळेबंद

श्राव्य, आपला आक्षेप मान्य आहे. ज्यांना कीबोर्डच वापरता येतो त्यांच्यासाठी प्रत्येक प्रोग्राम कीबोर्डवरून पूर्णपणे चालवता आला पाहिजे, याबद्दल माझा वाद नाही. माझा विरोध सरसकट सगळ्यांनी कळा पाठ कराव्यात या आग्रहाला आहे. नवीन आउटलुक वर्डच्या यंत्रणेवर चालत नाही, त्यामुळे अंकजुळणी यांनी दिलेल्या सगळ्या कळा तिथे चालतीलच असे नाही. आज शिकवलेले उद्या बदलणार असेल, तर कचेरीतल्या माणसाचा वेळ तक्ता कुठे ठेवायचा हे ठरवण्यात गेलेला बरा.

आणि अंकजुळणी, आपण लेखकांच्या तारखांबद्दल बोलता, पण त्याच अंकाच्या मानधनाचाही तक्ता कोणीतरी पाठवत असेलच. मानधन, त्यातली कपात, देय रक्कम आणि खाली बेरीज असा तक्ता मजकुरात आला की त्यातली बेरीज हाताने टाइप केलेली असते. वरचा एक आकडा बदलला तरी खालचा तसाच राहतो. असा तक्ता उत्तरांतून फिरून माझ्याकडे आला की मी कोणत्या बेरजेवर धनादेश काढायचा? पैशांचा तक्ता मजकुरात येऊ नये, यावर मी तडजोड करणार नाही.

अंकजुळणी

पैशांचा तक्ता मीही मजकुरात पाठवत नाही, आणि पाठवू नये हे आपले म्हणणे मी तसेच्या तसे स्वीकारते. पण त्यावरून सगळेच तक्ते शीटमध्ये ढकलण्याचा निष्कर्ष निघत नाही. जिथे बेरीज आहे तिथे शीट. जिथे माणसाने शब्द द्यायचा आहे तिथे मजकूर.

कळांच्या धोक्यावर उपाय आहेत. आउटलुकच्या पर्यायांत कंट्रोल-एंटरने ईमेल पाठवणे बंद करता येते. जीमेलमध्ये पाठवलेली ईमेल मागे घेण्याची मुदत ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. ‘प्रति’ची जागा शेवटपर्यंत रिकामी ठेवून आधी तक्ता पूर्ण करणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे, कारण मग कोणतीही कळ चुकून लागली तरी ईमेल जाऊ शकत नाही, आमच्याकडे नव्याने आलेल्यांना मी प्रथम हेच शिकवते. उत्तर देताना पत्ता आपोआप भरलेला असतो, तिथे तो कापून मजकुराच्या तळाशी ठेवावा आणि पाठवताना परत चिकटवावा. प्रोग्राम बदलला की काही कळा बदलतील हे खरे आहे, पण कापणे, चिकटवणे, मागे घेणे आणि ठळक करणे यांच्या कळा आजवर ज्या ज्या प्रोग्राममध्ये मी काम केले तिथे त्याच राहिल्या आहेत, आणि उरलेल्या नव्याने शिकायला लागणारा वेळ माउसने रोज वाया जाणाऱ्या वेळापेक्षा कमीच आहे.

रेखाटन

मी अंकांसाठी चित्रे काढतो आणि माझ्या सगळ्या ईमेल फोनवरच वाचतो. या चर्चेत लिहिणाऱ्याच्या सोयीचा विचार बराच झाला, म्हणून वाचणाऱ्याची अडचण मांडतो. पाच रकान्यांचा तक्ता फोनच्या पडद्यावर एक तर इतका आक्रसतो की अक्षर लागत नाही, किंवा उजवीकडे सरकवत वाचावा लागतो आणि तोवर लेखाचे नाव डावीकडे दिसेनासे होते. आपल्या तक्त्यात ‘चित्र’ हा रकाना शेवटचा आहे, म्हणजे मला जे पाहायचे आहे ते सर्वांत आड गेलेले असते. त्यात फोनवरून तक्त्याच्या चौकटीत बोट ठेवून ‘शुक्रवारी देतो’ असे लिहिणे फार अवघड जाते, म्हणून मी वर वेगळे वाक्य लिहितो, आणि ते तक्त्यात चढवण्याचे काम पुन्हा आपल्यालाच करावे लागत असणार.

तक्ता मजकुरात राहू द्या, पण तीनच रकाने ठेवा: लेख, काय बाकी आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत. शब्दसंख्या मांडणी करणाऱ्यालाच लागते. ती त्याला वेगळी कळवता येईल.