मंडपात बेस ऐकूच येत नाही: अ‍ॅम्प घेऊ, पाच तारांचा बेस घेऊ, की आणखी काही?

चौथीतार (सांगली)

नमस्कार मंडळी. आमचा आठ जणांचा ऑर्केस्ट्रा आहे. जुनी-नवी हिंदी-मराठी गाणी, दोन लावण्या आणि शेवटी पब्लिक उठून नाचावं म्हणून कोळीगीतांची मेडले. गणपती, नवरात्र, लग्नाच्या आदल्या रात्री अशी कामं असतात. मी बेस वाजवतो. चार तारांचा, जॅझ बेसची कॉपी, पॅसिव्ह (आत बॅटरी नाही), दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर पकडणारे). घरी सरावाला २५ वॉटचा अ‍ॅम्प आहे. तो स्टेजवर नेला तर फक्त माझ्या गुडघ्यांना ऐकू येतो.

साऊंडवाला माझी केबल थेट मिक्सरच्या लाइनमध्ये खुपसतो. समोर उभ्या असलेल्या मित्राला विचारलं, तर म्हणे, "खाली काहीतरी घूं घूं चालू होतं, सूर कुठला ते काही कळलं नाही." जनरेटरवर गेलो की हम (सततची गुणगुण) सुरू होतो, तो वेगळाच. त्यात कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस वाजवतच असतो. मागच्या कार्यक्रमात मालक सरळ म्हणाले, "रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकमध्ये बेस आहेच, तू आपला उभा राहा, स्टेज भरलेलं दिसतं." हे मात्र फार लागलं.

४० हजार साठवलेत. १०० वॉटचा कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत) घेऊ, पाच तारांचा अ‍ॅक्टिव्ह बेस घेऊ, की आणखी काही? गणपती तोंडावर आलेत, तेव्हा जरा लवकर सांगा.

स्लॅपेश (पुणे)

भावा, डोळे झाकून पाच तारांचा अ‍ॅक्टिव्ह घे. कारण साधं आहे. पुरुष गायक निम्मी गाणी काळी एक (सी शार्प) नाहीतर पांढरी दोन (डी) या पट्ट्यांत गातात. चार तारांवर सगळ्यात खालचा सूर पांढरी तीन, म्हणजे ई. काळी एकचा खालचा सा तुझ्या बेसवर नाहीच! तो वरच्या सप्तकात, ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर घ्यावा लागतो, मग सगळं हलकं वाटतं. पाचवी तार लागली की खालच्या बीपर्यंत जाता येतं. बेसवादक मोहिनी डेचे व्हिडिओ बघ आणि बाकीच्यांना बोलू दे.

खर्जातले काका (डोंबिवली)

स्लॅपेश, काळी एकचं तुझं म्हणणं बरोबर आहे. पण तो खालचा सा साधारण ३५ हर्ट्झला येतो, आणि गल्लीतल्या मंडळाच्या स्पीकरांतून ४०-५० च्या खालचं फारसं बाहेर पडतच नाही. मुलगा ४० हजार घालून जो सूर विकत घेईल, तो ऐकणार कोण? मोहिनीचं नाव घेतलंस ते छान केलंस, पण तिची बोटं दुकानात मिळत नाहीत.

चौथीतार, आता तुझ्याकडे वळतो. तुझा रोग अ‍ॅम्पचा नाही आणि तारांचाही नाही. पॅसिव्ह पिकअप हे नाजूक प्रकरण असतं. त्याला पुढे साधारण एक मेगाओहमचं इनपुट लागतं. मिक्सरची लाइन असते दहा-वीस किलोओहमची, कारण ती कीबोर्डसाठी केलेली आहे. तिथे केबल खुपसलीस की पिकअपवर भार येतो, वरच्या फ्रिक्वेन्सी गळून पडतात आणि तुझ्या मित्राला ऐकू आलेली घूं घूं तेवढी उरते. याला औषध एकच, अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स, म्हणजे बेस आणि मिक्सरच्या मध्ये बसणारी, सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी. साधा घेतलास तर दहा हजारांच्या आत येतो. थोडे जास्त घातलेस तर डीआय असलेला प्रीअ‍ॅम्प पेडल येतो, त्यात टोनही हाताशी राहतो. मी तुझ्या जागी असतो तर पेडलच घेतला असता, कारण साऊंडवाल्याच्या इक्वलायझरवर माझा काडीचा विश्वास नाही.

डीआयला मिक्सरकडून ४८ व्होल्टचा फँटम लागतो, नाहीतर बॅटरी. छोट्या मिक्सरवर फँटमचं बटण सगळ्या चॅनेलना मिळून एकच असतं. गायकाच्या साध्या डायनॅमिक माइकला त्याने काही होत नाही, पण बटण दाबायच्या आधी सगळे फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या) खाली घ्यायला सांग. नाहीतर मंडपात असा धाडकन आवाज होईल की अध्यक्ष खुर्चीतून उठतील.

हमचं आधी निदान कर. जॅझ बेसवर दोन्ही व्हॉल्यूम फुल कर. हम बराचसा गेला तर तो सिंगल कॉइलचा, कारण दोन पिकअप सहसा एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात आणि दोन्ही सारखे चालू असले की एकमेकांचा हम खातात. एक व्हॉल्यूम जरा कमी केलास की परत येतो. तारांना हात लावल्यावर हम जात असेल तर बेसच्या आतलं शिल्डिंग बघ. आणि काहीही केलं तरी तसाच राहत असेल तर तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याने येणारा हम. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाब.

एक गोष्ट मात्र नीट ऐक. हम घालवायला कोणी प्लगची अर्थची पिन काढायला निघाला तर त्याचा हात धर. लिफ्ट करायची ती डीआयमधून, ऑडिओच्या केबलची. विजेच्या प्लगला हात लावायचा नाही. अर्थिंग गंडलेल्या स्टेजवर हात तारांवर असताना ओठ माइकला लागले की काय झिणझिण्या येतात ते कोरस गाणाऱ्या कुठल्याही बेसवाल्याला विचार. मी माइकला स्पंज लावल्याशिवाय गात नाही. मंडप ओला असेल तर गातच नाही.

आता अ‍ॅम्प. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. २५ चे ५०, ५० चे १००, १०० चे २००. आठपट वॉट झाले आणि वाढले किती, तर ९ डेसिबल. कानाला जेमतेम दुप्पट वाटेल. म्हणून उघड्या मैदानावर १०० वॉटचा कॉम्बो नेऊन लोकांना बेस ऐकवायचा विचार सोडून दे. अँपेगने १९६९ मध्ये एसव्हीटी काढला तो ३०० वॉटचा, सोबत आठ दहा-इंची स्पीकरांची कॅबिनेट. तेवढं धूड आपल्या टेम्पोत ढोलक्या आणि कपड्यांच्या ट्रंकांमध्ये कुठे बसवणार? लोकांना पीएमधून, म्हणजे मंडपाच्या मोठ्या स्पीकरांतून ऐकव. अ‍ॅम्प तुझ्या स्वतःसाठी, आणि त्याला तुझा २५ वॉटचाही बऱ्यापैकी पुरेल, फक्त तो जमिनीवर ठेवू नकोस. मंडपातली लाल प्लास्टिकची खुर्ची घे, तिच्यावर अ‍ॅम्प ठेव, पुढच्या बाजूला खाली अर्धी वीट सरकव, म्हणजे त्याचं तोंड तुझ्या कानाकडे होईल. खुर्ची थरथरत असेल तर मध्ये पायपुसणं घाल. दिसायला गबाळं दिसतं, दिसू दे.

आणि बेसचं बटण वाढवू नकोस, कमी कर. डग्गा, ऑक्टोपॅडची किक आणि ढोलकीची धुम हे सगळे ६० ते १५० मध्ये गर्दी करून बसलेले असतात. तिथे तू घुसलास की चिखल. ५०० ते ८०० च्या आसपास थोडं वाढव, सूर तिथे ओळखू येतो. मोबाइलच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झचा ई बाहेर येऊच शकत नाही, तरी गाण्यातला बेस आपल्याला कळतो तो या वरच्या हार्मोनिक्समुळेच, म्हणजे मूळ सुरासोबत निघणाऱ्या वरच्या सुरांमुळे. घरी वाजवताना हा टोन नाकात बोलल्यासारखा वाटेल. मंडपात बरोबर बसेल. तबल्यासोबत बेस कसा मोकळा ठेवायचा ते ऐकायचं असेल तर इंडियन ओशन बँडची, तबलावादक असीम चक्रवर्ती असतानाची रेकॉर्डिंग काढ. राहुल रामचा बेस आणि असीम यांचा तबला कधी एकमेकांच्या पायात येत नाहीत.

थेट कन्सोलमध्ये बेस जोडण्यात कमीपणा नाही, हेही सांगून ठेवतो. डेट्रॉइटला मोटाउनच्या स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमरसन असाच थेट डीआयमधून वाजवायचा. १९६२ चा प्रिसिजन बेस, फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वळ्यांच्या) तारा, त्याही वर्षानुवर्षं न बदललेल्या, ब्रिजपाशी फोमचा तुकडा आणि उजव्या हाताचं एकच बोट. फोमची युक्ती तूही कर. लावणीत सूर लांबला की ढोलकीची मजा जाते. ब्रिजखाली स्पंजची पट्टी सरकव, 'डुं' चं 'डुप' होईल.

मांडवीकाठ (पणजी)

काका, बाकी सगळं मान्य, पण "अ‍ॅम्प फक्त स्वतःसाठी" हे सगळीकडे चालत नाही. आमच्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये पुष्कळदा पीएमध्ये फक्त गाणारे आणि सॅक्सोफोन असतात. बेस आणि ड्रम्स स्टेजवरूनच ऐकवायचे. तिथे माझा २०० वॉटचा कॉम्बो नसेल तर नाचणारे पहिल्या वॉल्ट्झलाच माझ्याकडे वळून बघतील. तियात्राला (कोकणी संगीत नाटकाला) मात्र उलटं. बँड स्टेजच्या पुढे खाली बसतो, कांतारातला (गाण्यातला) शब्द न् शब्द मागच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे, त्यामुळे बेस हळू आणि सुटा. तेव्हा काम कुठलं आहे ते बघूनच सामान घ्यावं.

चौथीतार, तुमचे कार्यक्रम पावसाळ्यातले आहेत म्हणून सांगते, आधी सेटअप बघा. दमट हवेत लाकूड फुगतं, नेक हलतो, तारा एकतर भुणभुणतात नाहीतर फ्रेटबोर्डापासून इतक्या वर जातात की तासाभरात मनगट भरून येतं. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून धरायचे आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यामधली फट बघायची. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी असली की ठीक. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली लोखंडी सळई) पाव फेरा घट्ट करा आणि एक दिवस तसंच राहू द्या. घाईने पूर्ण फेरा फिरवून नेकचं वाटोळं झालेले बेस मी दुरुस्तीला आलेले बघितलेत.

तारा वाजवून झाल्या की सुती कपड्याने खालूनही पुसायच्या. इथे खारी हवा आहे, न पुसता ठेवल्या तर गंज डोळ्यांदेखत चढतो. नव्या संचाला पैसे नसतील तर जुन्या राउंडवाउंड (खरखरीत वळ्यांच्या) तारा काढून पाण्यात दहा मिनिटं उकळा, वळ्यांत अडकलेला मळ आणि तेल निघतं. थोडे दिवस चमक परत येते. फार दिवस नाही. फ्लॅटवाउंड मात्र उकळू नका, त्याचा उपयोग नाही.

स्लॅपेश (पुणे)

तारा उकळायच्या?? आई पातेल्याला हात लावू देईल का?

मांडवीकाठ (पणजी)

वेगळं पातेलं ठेवायचं, आणि आईला आधी सांगायचं.

चौथीतार (सांगली)

सगळ्यांचे आभार. काका, दोन्ही व्हॉल्यूम फुल केले तर घरचा हम जवळजवळ गेला! मी आजवर पुढचा पिकअप फुल आणि मागचा अर्धा ठेवत होतो. डीआयवाला पेडल बघून ठेवलाय. मांडवीकाठ ताई, फट बघितली, कार्ड सोडा, एटीएम कार्डही आरामात जातंय, उद्याच पाव फेरा देतो.

दोन गोष्टी राहिल्या. साऊंडचेकला वेळच मिळत नाही. आमच्याकडे बहुतेक दिवशी रात्री दहाला साऊंड बंद करावा लागतो, आरती लांबते, आम्ही चढतो तेव्हा आधीच सव्वाआठ झालेले असतात. आणि तो कीबोर्डचा डावा हात आणि मालकांचा ट्रॅक, त्याचं काय करू?

खर्जातले काका (डोंबिवली)

साऊंडचेक नाही मिळाला तरी लाइनचेक मिळतोच. आरती चालू असताना साऊंडवाल्याकडे जायचं, चहा पाजायचा, आपला डीआय आणि आपली एक्सएलआर केबल त्याच्या हातात द्यायची. केबलच्या टोकाला पांढरी टेप लावून 'बेस' असं मार्करने लिहून ठेव. त्याला तेवढंच हवं असतं. बारा केबली हातात आणि कुठली कुणाची ते कळत नाही, अशा माणसाला पेडलवरची माझी सेटिंग बदलू नका असं सांगितलं तर तो खुशीने ऐकतो. मग चारही मोकळ्या तारा एकेक करून वाजव, गाण्यात जेवढ्या जोरात वाजवतोस तेवढ्याच जोरात. चेकला हळू आणि गाण्यात दणका, हे केलंस की तो तुझा फेडर खाली ओढणार आणि रात्रभर परत वर करणार नाही.

कीबोर्डवाल्याशी स्टेजवर वाद घालू नकोस, तालमीत बोल. तो डाव्या हाताने बेस देतो कारण कधीकाळी बेसवाला आलेला नसतो आणि त्याला पोकळी भरायची सवय लागलेली असते. त्याला सांग की मधल्या सी च्या खाली उतरू नकोस, डाव्या हाताने कॉर्ड धर किंवा स्ट्रिंग्जचा पॅड लाव. एक गाणं तसं करून मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवलंस की पुढे वाद होत नाही.

ट्रॅकचं दुखणं मोठं आहे. मालकाला ट्रॅक स्वस्त पडतो, ट्रॅक जेवत नाही आणि ट्रॅकला टेम्पोत जागा लागत नाही. आमच्याकडेही एक मालक बेसवाल्याला अर्ध्या पैशांत उभा करायचे. मी सोडून आलो. तुला लगेच सोडायला सांगत नाही. लावण्या आणि कोळीगीतं ट्रॅकशिवाय घ्यायला लाव. गायकाला वन्स मोअर मिळाला की ट्रॅक तिथेच अडकतो, अंतरा परत घ्यायचा म्हटलं तर त्याला जमत नाही, ढोलकीवाल्याने लय वाढवली तरी तो आपल्याच चालीने चालतो. तिथे बेस हातातलाच लागतो. मालकाला हे बोलून पटणार नाही, पब्लिकने शिट्टी मारली की पटेल.

उरलेल्या पैशांतून अ‍ॅम्प घ्यायचाच असेल तर अनंत चतुर्दशी होऊ दे. सीझन संपला की पुष्कळ जण सामान काढतात, भाव करता येतो. सेकंडहँड बघायला जाताना स्वतःचा बेस घेऊन जा, खालची ई जोरात वाजवून निदान पाच मिनिटं चालू ठेव आणि जाळीतून टॉर्च मारून स्पीकरच्या कडेचा रबर बघ. कोन चिकटवलेला दिसला तर पैसे खिशातच ठेव.